विषारी वायू आणि दृष्टीची नस



कोंडलेल्या खोलीत पेटती शेगडी ठेवून निजू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली. आता शेगडीची जागा न्हाणीघरातील गॅसच्या गीझरने घेतली आहे. पण दारे-खिडक्या बंद असल्या की घात करणारा वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो; मग रक्त वाहत असते, आणि पेशी मात्र उपाशी राहतात. जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८९५ साली हा वायू स्वतःच हुंगला आणि निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन त्याने व्यापेपर्यंत प्रयोग चालू ठेवला. पाय लटपटले, नजर मंदावली, तेही त्यांनी टिपून ठेवले. असल्या धाडसाला काय म्हणावे, ते आपणच ठरवा!

नजरेचा येथे संबंध काय? दृष्टीची नस म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील दहा-बारा लाख पेशींच्या लांब धाग्यांची जुडी होय. एवढा लांब धागा पोसायचा म्हणजे प्राणवायू अखंड हवा. शिवाय ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदू काढला की आजी पुन्हा सुईत दोरा ओवते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ती याचमुळे.

आता गोष्टीला वळण लागते. आपले शरीर हाच वायू स्वतः तयार करते, हे स्वीडनमधील श्योस्ट्रांड यांनी १९४९ च्या सुमारास दाखविले. जुन्या रक्तपेशी मोडताना तो अल्पस्वल्प निघतो. मग थोड्या मात्रेत त्याचे काही कामही असेल काय? जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी उंदरांना दशलक्ष भागांत २५० भाग असा हा वायू तासभर हुंगवला आणि नंतर डोळ्यातील दाब वाढवून पडद्याचा रक्तपुरवठा तोडला. २०१० साली त्यांनी प्रसिद्ध केले की, वायू घेतलेल्या उंदरांच्या या पेशी कमी मेल्या. पेशींना संकटात सावरणारे एक प्रथिनही त्यांच्यात वाढलेले आढळले.

हे ऐकून कोणी ‘विषस्य विषमौषधम्’ म्हणेल. मला ते मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी तासाभराची जी मर्यादा २०१० साली सांगितली, तिच्या सुमारे आठपट ही मात्रा आहे! आणि वायू दिला तो इजेच्या आधी. आमच्याकडे रोगी येतो तो नस सुकू लागल्यावर. काचबिंदूला तर सुरुवात कधी झाली हे रोग्यालाही ठाऊक नसते. त्याला ‘आधी’ म्हणजे केव्हा हुंगवायचे?

म्हणून रोग्याला वायू न हुंगवता तो शरीरात जाऊन थोडाथोडा सोडतील, अशी संयुगे काही संशोधक बनवू लागले. त्यांचेही सगळे सरळ नाही. अशा काही संयुगांचे जे गुण वायूच्या नावे मांडले गेले होते, त्यांतील काही त्या संयुगातल्या रुथेनियम धातूचेच निघाले, आणि ते प्रयोग पुन्हा तपासणे भाग पडले.