उपवासाच्या तासांत प्यायचं काय?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात महिला विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य, देणगीदार आणि मैत्रिणींनो, ज्या विषयावर आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही तो विषय आज आम्ही महिला विभागातर्फे मांडणार आहोत. पाळी जाण्याचा काळ, म्हणजेच रजोनिवृत्ती. आपल्या आयांनी हा काळ "वय झालं" एवढ्या दोन शब्दांत उरकला. पुरुष मंडळींनी कृपया उठून चहाच्या टेबलाकडे जाऊ नये. विषय तुमच्याही घरातला आहे, आणि चहाचा हिशेब पुढे येणारच आहे!

आज हा विषय घेण्याचं कारण असं की, गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या अनेकींनी इंटरमिटंट फास्टिंग सुरू केलं आहे. कोणी १६ तास उपाशी राहून उरलेल्या ८ तासांत जेवतात. कोणी डॉ. श्रीकांत जिचकरांनी सांगितलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेला दोन वेळच्या जेवणाचा नेम पाळतात. उपवास आपल्याला नवा नाही. फरक एवढाच की आपल्या उपवासात "काय चालतं" ते बघतात, इथे "केव्हा चालतं" ते बघायचं. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही सोय इथे नाही!

मग प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, मधल्या तासांत प्यायचं काय? जिममधला तरुण मुलगा फक्त "यात कॅलरी किती?" एवढंच विचारतो. आपण पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी आणखी एक विचारायला हवं: "याने माझ्या झोपेचं, घामाचं आणि हाडांचं काय होणार?"

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर मानतात. अमेरिकेत हे सरासरी वय ५१-५२ आहे, भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६-४७ च्या आसपास येतं. इस्ट्रोजेन कमी झालं की अंगातून वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, पोटाभोवती चरबी साठते. हे सगळं जाणवतं तरी. हाडांची झीज मात्र जाणवत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि पहिली बातमी कळते ती पाय घसरून मनगट मोडल्यावर.

आता पेयांकडे वळू या.

पहिला मान साध्या पाण्याचा. आपल्या शरीरात जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा अन्नातून येतो. जेवण कमी झालं की तेवढं पाणीही कमी होतं, आणि वयाबरोबर तहानही नीट लागेनाशी होते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहावं. अंगातून वाफा येतात तेव्हा थंड पाण्याचे घोट पुष्कळ जणींना बरे वाटतात. अर्धं लिंबू पिळलं तरी जेमतेम पाचेक कॅलरी. साखर मात्र नको. जिरं, ओवा, बडीशेप उकळून गाळलेलं पाणीही चालेल.

दुसरा चहा. कोऱ्या चहात कॅलरी जवळपास नाहीतच. पण अर्धा कप सायीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला आपला चहा शंभराच्या पुढे जातो. असे तीन कप म्हणजे उपवास कसला? शिवाय प्रश्न कॅफिनचा आहे. एक कप कोऱ्या चहात सुमारे ४७ मिलिग्रॅम आणि कॉफीत ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक निरोगी माणसांना चालतं, पण मेयो क्लिनिकच्या २०१४ च्या पाहणीत कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांना वाफांचा त्रास जास्त आढळला. भूक मारण्यासाठी दिवसभर कोरी कॉफी पिणारीने रात्री दोनला उठून पंखा लावायचा, हे काही खरं नव्हे. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. ज्यांना पाळी जाण्याआधी खूप रक्तस्राव होतो त्यांनी जेवणाबरोबरचा चहाही टाळावा, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

तिसरं आपलं लाडकं ताक. पाव कप दही, पाऊण कप पाणी, चांगलं घुसळून. कॅलरी साधारण ४० आणि कॅल्शियम ७० मिलिग्रॅमच्या आसपास. कडक नियमवाले म्हणतील, याने उपवास मोडला. काटेकोर बघितलं तर मोडला. पण ज्या बाईला अकरा वाजता चक्कर येते, तिने नियमापेक्षा ताक निवडावं असं आम्ही म्हणू. मीठ बेतानं, रक्तदाब असेल तर नकोच.

कोकमाच्या बाबतीत बाटलीवरचं लेबल वाचा. बिनसाखरेच्या आगळाचं पाणी हलकं असतं, पण आगळ खारट असतो. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. सोलकढीत नारळाचं दूध, तेव्हा ती जेवणातच शोभते. नारळपाण्यात कपाला ४५ कॅलरी, संत्र्याच्या रसात ११०. साध्या कोलाच्या १२ औंसाच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर, म्हणजे नऊ-दहा चमचे. "आम्ही डाएट घेतो" म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. आणि फ्रेमिंगहॅमच्या २००६ च्या अभ्यासात नेहमी कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली, अगदी डाएट कोलाच्या बाबतीतही.

आता आमचा मुख्य मुद्दा. १६ तासांच्या उपवासात सगळ्यात आधी काय सुटतं? सकाळचा दुधाचा चहा आणि रात्रीचं हळदीचं दूध. पुष्कळ घरांत बाईच्या पोटात जाणारं दूध तेवढंच असतं! इथे पन्नाशीपुढच्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगतात. ते ८ तासांत भरून काढायचं. एक कप दूध ३००, एक कप दही साधारण तेवढंच, एक नाचणीची भाकरी १७० च्या आसपास, मोठा चमचाभर तीळ ८८, शिवाय टोफू, राजमा, पालेभाज्या. जमत नसेल तर उपवासाचे तास कमी करा, दूध-दही नव्हे. नाहीतरी २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझौच्या वर्षभराच्या अभ्यासात, तेवढ्याच कॅलरी घेणाऱ्या दोन गटांमध्ये घड्याळ पाळणाऱ्यांचं वजन लक्षात येण्याइतकं जास्त उतरलं नाही. चौदा तासांनी पाप लागत नाही!

औषधांबद्दल थोडं. थायरॉइडची गोळी आणि हाडांसाठीची अलेंड्रोनेटसारखी गोळी रिकाम्या पोटी फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. कोरा चहा, ताक काही नाही. हाडांची गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं पडायचं नाही. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये, साखर एकदम उतरू शकते.

हे सगळं आपण निवडीने करतो. निवड नसलेल्या बायकांसाठी आजचा कार्यक्रम आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्या. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, अनेकींची ऐन तिशीत. ज्यांची बीजांडंही गेली त्यांना रजोनिवृत्ती त्याच दिवशी आली. बीजांडं राहिली तरी ती लवकर येऊ शकते. उन्हात मोळ्या उचलायच्या आणि फडावर आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्यांच्या हाडांचा हिशेब कोण ठेवणार?

आजचा निधी या भागातल्या स्त्रियांची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय यासाठी जाणार आहे. आपण एका महिन्यात बाहेरच्या कॉफीवर जेवढे डॉलर घालवतो, तेवढे जरी या पाकिटात टाकलेत तरी आम्हाला आनंद होईल. कॅफिनही कमी होईल!

आणि मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूबाईंना फोन करून विचारा, "तुम्ही दूध पिता का? हाडांची तपासणी झाली का?" त्यांना कोणी हे विचारलेलं नसतं.