काल्पनिक यान, पण माप खरे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात अवकाशयानाची प्रतिकृती नाही, असे सहसा होत नाही. कुणी चंद्रयान करते, कुणी अग्निबाण करते. पण एखाद्या मुलाने विज्ञानकथेतले किंवा सिनेमातले यान करून मांडले, तर 'हे काल्पनिकच की!' म्हणून मोठी माणसे पुढच्या टेबलाकडे वळतात. करणाऱ्यालाही बऱ्याचदा तसेच वाटत असते. यान काल्पनिक आहे, तेव्हा त्याला काहीही चिकटवले तरी चालेल, असा समज असतो.

माझे म्हणणे असे, की काल्पनिक यानाला खऱ्या यानापेक्षा जास्त शिस्त लागते. खऱ्या यानाची प्रतिकृती ताडून पाहता येते. चंद्रयान-२ च्या विक्रमला पाच इंजिने होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चंद्रयान-३ च्या विक्रमला चारच होती. एखाद्याने चंद्रयान-३ करताना पाच इंजिने लावली, तर फोटो समोर धरून त्याची चूक दाखवता येते. काल्पनिक यानाच्या बाबतीत असा फोटो नसतो. ते खरे वाटावे यासाठी करणाऱ्याने स्वतःच नियम घालायचे आणि स्वतःच पाळायचे. यातला पहिला नियम मापाचा.

माप म्हणजे काय, हे कळायला आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारला जावे. काठावर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस काहीसा हिरमुसतो. खाली एक मोठी वाटी, तळाशी पाणी, भोवती झाडी. मग कुणीतरी बोट दाखवून सांगते, 'ते पाण्याकाठी इवलेसे दिसते ना, ते कमळजादेवीचे देऊळ.' तेवढे ऐकले, की सरोवर एकदम मोठे होते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हा आकडा वाचून जे उमगत नाही ते देवळामुळे उमगते. डोळ्याला मोठेपणा नुसता दिसत नाही. ज्याचे माप आपल्याला ठाऊक आहे अशी एखादी लहान वस्तू शेजारी असावी लागते.

लोणारला डोळ्याच्या मदतीला हवाही असते. दूरचा काठ जवळच्या काठापेक्षा फिकट, निळसर दिसतो आणि अंतराचा अंदाज येतो. अवकाशात हवाच नाही. तिथे मैलभर लांबची वस्तूही हाताजवळच्या वस्तूइतकीच लख्ख दिसणार. म्हणजे अवकाशयान किती मोठे, हे सांगायला त्याच्या अंगावरच्या बारीक तपशिलाशिवाय दुसरे काहीच उरत नाही.

हेच हेरून १९७७ साली 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटाच्या कारागिरांनी प्रेक्षकांना थक्क केले. सुरुवातीलाच एक प्रचंड युद्धयान डोक्यावरून सरकत जाते आणि संपता संपत नाही. कथेप्रमाणे त्याची लांबी १६०० मीटर. म्हणजे लोणारच्या विवरात आडवे ठेवले, तर या काठापासून त्या काठापर्यंत जेमतेम दोनशे मीटर जागा उरेल. आणि चित्रीकरणासाठी केलेली त्याची प्रतिकृती होती सुमारे तीन फुटांची! हिशेब केला तर प्रमाण साधारण एकास साडेसतराशे येते. या प्रमाणात माणूस एक मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा होतो. कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाडे, युद्धनौका, मोटारी यांचे प्लास्टिकचे जुळवणी-संच आणले, त्यांतले बारीक तुकडे वेगळे काढले आणि ते शेकड्यांनी यानाच्या अंगावर बसवले. मोठेपणा आला तो या बारीक तुकड्यांमुळे.

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यात याच्या उलट घडते. किल्ला झकास होतो, बुरूज होतात, पायऱ्या होतात. मग बाजारातून आणलेला मावळा दरवाजापाशी उभा राहतो आणि तो दरवाजापेक्षा उंच असतो! किल्ल्यात ते शोभून जाते, कारण तिथे हौस महत्त्वाची. यानाच्या प्रतिकृतीत असा एकच 'मावळा' सगळे यान लहान करून टाकतो.

आता आपणच एक यान करायला घेऊ. समजा, कथेतल्या आपल्या यानाची लांबी २४० मीटर आहे. एस.टी.ची गाडी अकरा मीटरची धरली, तर एकामागे एक बावीस गाड्या उभ्या केल्या इतकी. घरात ठेवायला साठ सेंटिमीटरची प्रतिकृती सोयीची, म्हणून प्रमाण घेऊ एकास चारशे. हे प्रमाण कागदावर लिहून भिंतीला लावायचे आणि प्रत्येक गोष्ट त्याला विचारून करायची. एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात सव्वाचार मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. दोन मीटरचा दरवाजा पाच मिलिमीटरचा होतो. अर्ध्या मीटरची खिडकी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे सुईने टोचलेल्या छिद्राएवढी.

इथेच हात घसरतो. कागदांना भोके पाडायचे पंचिंग मशीन घरात असते, त्याने पटापट गोल खिडक्या पाडता येतात. पण ते भोक सुमारे सहा मिलिमीटरचे असते. चारशेने गुणा. खिडकी झाली जवळजवळ आठ फुटांची, दरवाजापेक्षाही उंच! पाहणारा गुणाकार करत बसत नाही. खिडकी म्हणजे अर्धा मीटर, असे त्याचा डोळा धरून चालतो आणि त्या हिशेबाने आपले २४० मीटरचे यान त्याला पन्नास मीटरचे वाटते. एका चुकीच्या भोकाने जवळजवळ दोनशे मीटर गेले.

जाडीचेही तसेच आहे. एक मिलिमीटर जाड पुठ्ठा या प्रमाणात चाळीस सेंटिमीटरची भिंत होतो. यानाच्या अंगावरचे पत्रे दाखवायला तो कामाचा नाही. साधा लिहायचा कागद ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे चार सेंटिमीटरचा पत्रा. तेव्हा सांगाडा पुठ्ठ्याचा आणि वरचे पत्रे कागदाचे, असे जमते.

साहित्यासाठी मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही. आपल्याकडे शेतावर ठिबकची नळी असते. सोळा मिलिमीटरच्या नळीचा तुकडा म्हणजे आपल्या यानावर साडेसहा मीटर व्यासाची इंधनाची टाकी. बॉलपेनची संपलेली रिफिल म्हणजे इंधनवाहिनी. तीन मिलिमीटरची टिकली म्हणजे सव्वा मीटरचे गोल झाकण. गोळ्यांची रिकामी पाकिटे, सुई काढलेली नवी सिरिंज, बंद पडलेल्या रेडिओचा सर्किट बोर्ड, जुन्या घड्याळातली चाके, सगळे उपयोगी पडते. मात्र एक पथ्य आहे. ठिबकचा ड्रिपर जसाच्या तसा चिकटवला, तर आपल्याकडचा कुणीही शेतकरी क्षणात म्हणेल, 'हा तर ड्रिपर!' ओळख पटली की खरे माप कळले आणि यान टेबलावर आले. लोणारला ओळखीचे देऊळ मदतीला येते, इथे ओळखीची वस्तू घात करते. म्हणून ती कापायची, उलटी बसवायची, तिच्यावरचे कंपनीचे नाव पॉलिश पेपरने घासून काढायचे आणि सगळ्यावर एकाच करड्या रंगाचा प्रायमर मारायचा. मोटारगाड्या रंगवणाऱ्याकडे तो मिळतो. रंग उघड्यावर, तोंडाला फडके बांधून आणि मोठ्या माणसाच्या देखत मारावा. थर्माकोल वापरला असेल, तर फवाऱ्याचा रंग त्याला विरघळवून खड्डे पाडतो. म्हणून आधी त्यावर फेविकॉलचे दोन हात देऊन पूर्ण वाळू द्यावेत.

दुसरा नियम कारणाचा. जो तुकडा लावाल, तो कशासाठी, हे सांगता आले पाहिजे. विक्रमवर सोनेरी आवरण दिसते ते शोभेसाठी नसते, उष्णता आणि थंडी दोन्हींपासून आतल्या यंत्रांना वाचवायला असते. आपल्या यानाचेही तसेच असावे. यात माणसे किती? ती कुठे झोपतात? पाणी कुठे साठवले? इंजिन अणुशक्तीचे असेल, तर माणसांपासून किती दूर ठेवले? एवढे ठरवले, की कुठे टाकी, कुठे खिडक्या आणि कुठे एकही खिडकी नको, हे यानच सांगू लागते.

'२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट १९६८ चा. त्यातल्या 'डिस्कव्हरी' या यानाची मोठी प्रतिकृती तब्बल ५४ फूट लांब होती. माणसांची गोल खोली एका टोकाला, इंजिन दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लांबलचक कणा, अशी त्याची रचना. हवेत उडायचेच नाही, म्हणून पंख नाहीत, निमुळते नाक नाही. पण त्यात एक गंमत आहे. अशा इंजिनाची जादा उष्णता बाहेर टाकायला मोठाले पत्रे हवेत. आपण चहा फुंकून निववतो, कारण भोवती हवा असते. अवकाशात उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर जाऊ शकते, आणि त्यासाठी पृष्ठभाग भरपूर लागतो. हे लेखक आर्थर क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांना ठाऊक होते. तरी ते पत्रे गाळले गेले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते! क्लार्क यांनीच पुढे हे सांगितले. सिनेमाची अडचण आपल्याला नाही. आपण ते पत्रे खुशाल लावावेत आणि कुणी 'हे पंख कशाला?' असे विचारले, तर चहाचा दाखला देऊन समजावून सांगावे. प्रदर्शनातला तो सर्वांत चांगला प्रश्न ठरेल.

तिसरी गोष्ट सांगतो ती हात आवरण्याची. एकदा तुकडे चिकटवण्याची गोडी लागली, की रिकामी जागा बघवत नाही. खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या ताटाची कड नक्षीने भरलेली असते आणि मधला भाग गुळगुळीत असतो, म्हणूनच ती नक्षी उठून दिसते. यानावरही इंजिनाजवळ, सांध्यांपाशी, खाचांत गर्दी असावी आणि बाकीचे अंग शांत असावे. त्या शांत अंगावर करड्या रंगाच्या दोन-तीन अगदी जवळच्या छटांनी पत्र्यांचे चौकोन रंगवले, की दुरून ते एकसंध आणि जवळून जोडलेले दिसते.

यान झाले, की खोलीत अंधार करा, मागे काळे कापड लावा आणि एकच दिवा एका बाजूने ठेवा, कारण अवकाशात सूर्य एकच. सावल्या गडद पडू द्या. साध्या मोबाइलने फोटो काढला तरी चालेल. फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढा माणूस त्या दारातून बाहेर येईल असे वाटले, तर काम झाले.

आता शेवटची गोष्ट, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. परदेशी सिनेमांतली याने जुळवणीच्या संचांत विकत मिळतात. सूचनांप्रमाणे जोडली, की झाले. ते करण्यातही आनंद आहे, मात्र त्यात ठरवण्यासारखे फारसे उरत नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी दुकानातून तयार मॉडेल आणून मांडायची चाल तर आता चांगलीच रुळली आहे. त्यात पालकांचे पैसे जातात आणि मुलाच्या हाताला काहीच मिळत नाही. मराठी विज्ञानकथेतल्या यानाचा संच बाजारात मिळत नाही, आणि माझ्या मते हे आपले भाग्यच आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. नावाचा दबदबा बाजूला ठेवून कथा कथेच्या गुणावर पारखली जावी, हा त्यामागचा हेतू. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. नारळीकर २०२५ साली गेले, त्यांच्या कथा आपल्या वाचनालयांत आहेत. एखादी कथा घ्या. लेखकाने यानाबद्दल सांगितले असेल तेवढे वहीत उतरवून काढा. जे सांगितले नसेल ते तुम्ही ठरवा, कारणासह ठरवा आणि मापात बसवा.

खर्च फार येणार नाही. वेळ मात्र दोन-तीन महिन्यांच्या रविवारांचा लागेल. तेवढ्यात चारशेने भागायला शिकलेले, 'हे इथे का?' असे स्वतःला विचारायला शिकलेले मूल पुढे यानच बनवील असे नाही. ते विहिरीवरचा पंप बसवील, पूल बांधील, शिवणकाम करील. कुठेही गेले तरी माप आणि कारण या दोन गोष्टी त्याच्या कामी येतील. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात 'काल्पनिकच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटे थांबा आणि त्या मुलाला विचारा, 'बाळ, यात माणूस केवढा?'

त्याने ज्वारीचा दाणा पुढे केला, तर पाठ थोपटायला विसरू नका.