आधी झाडू, मग खरेदी

‘कॉम्प्युटर स्लो झाला, नवा घ्या’ हे दुकानदाराचं वाक्य आपण फार लवकर मान्य करतो. बऱ्याचदा मशीन ठीक असतं, आत साठलेलं सामान जुनं असतं.

प्लगइनची पद्धत नव्वदच्या दशकातली, नेटस्केपच्या काळातली. ब्राउझरला स्वतःला व्हिडिओ दाखवता येत नसे, म्हणून बाहेरचा प्रोग्राम आत बसवायचा. एका कोपऱ्यातली हलणारी फ्लॅश जाहिरात प्रोसेसर खात बसायची. प्लगइन कोसळलं की ब्राउझरही बंद, अर्धा भरलेला फॉर्म गेला! फायरफॉक्सने 2010 मध्ये प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकलं, तेव्हा कुठे हे कमी झालं. क्रोमने 2015 मध्ये या जुन्या पद्धतीलाच रजा दिली. फ्लॅश 2020 अखेर संपलं, आणि ‘काढून टाका’ असं खुद्द अ‍ॅडोबीनेच सांगितलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डिजिटल सहीसाठी जुनी जावा आणि इंटरनेट एक्सप्लोररच हवा, असं सांगणारी संकेतस्थळं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. घरात एकच कॉम्प्युटर असलेल्याने अपडेट करायचं की अर्ज भरायचा? वर ऐकायचं, ‘तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही.’

आपल्या अभ्यासिकेतल्या मशीनवर फ्लॅश, सिल्व्हरलाइट, तीन टूलबार अजून आहेत. वर्गणी काढण्याआधी दोघांनी रविवारी माझ्याबरोबर बसा. कंट्रोल पॅनेलमधून काय काढायचं ते दाखवतो. हार्ड डिस्कच गेली असेल, तर तेवढी बदलू.