शीर कुठली, कळ कुठली

"शीर आखडली आहे, जरा रगडून द्या," असे म्हणत, कमरेवर हात धरून येणारा रोगी आम्हा भौतिकोपचार करणाऱ्यांना नेहमीच भेटतो. आपल्या बोलीत रक्त वाहणारीही शीर आणि वेदना वाहणारीही शीरच! आज मी बोलणार आहे ते दुसरीविषयी, म्हणजे मज्जातंतूविषयी. आणि त्यातही कमरेतून निघून थेट पावलापर्यंत धावणाऱ्या कळेविषयी.

ही कळ फार जुनी. चरकसंहितेत ती वातविकारांमध्ये 'गृध्रसी' या नावाने येते आणि ढुंगण, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल हा तिचा मार्गही तेथे सांगितला आहे. युरोपात १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने सांध्याची वेदना आणि मज्जातंतूची वेदना यांत भेद केला. पण तंतू चिडतो कशाने? त्याचे एक मुख्य कारण १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी पुढे मांडले. दोन मणक्यांमधील गादी फाटून आतला गर बाहेर येतो आणि तंतूच्या मुळाला टेकतो.

म्हणजे बोंब पोटरीत आणि चोर कमरेत! मग पोटरी रगडून काय होणार? उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. साध्या उसणीत ती खपून जाते, कारण स्नायू आपोआपही मोकळा होतोच. मात्र तंतू सुजलेला असताना पाठीवर लाथ किंवा पायाला हिसका म्हणजे जखमेवर मीठ. आखडलेला स्नायू ताणला की सुखावतो. चिडलेला तंतू ताणला की अधिकच चिडतो. हा फरक ओळखण्यातच आमच्या विद्येची कसोटी आहे. त्यासाठी रोग्याला उताणे निजवून, गुडघा न वाकविता, पाय हळूहळू उचलून पाहतात. थोडा उचलताच कळ गुडघ्याखाली धावली, तर संशय बळावतो. टाचांवर चालता येते का, चवड्यांवर येते का, हेही पाहावे लागते.

पूर्वी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे फळीवर निजवून ठेवीत. आता तसे सांगत नाहीत. सोसेल तेवढे चालावे, एका जागी फार बसू नये. व्यायामाने कळ पायातून वर सरकत कमरेत येऊन थांबू लागली, तर ते सुचिन्ह समजावे. त्या वेळी कंबर थोडी अधिक दुखली तरी भिऊ नये. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच शोषून घेते. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

श्रोतेहो, पुढचे मात्र नीट ध्यानात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेभोवती बधिरता आली, पाऊल लुळे पडू लागले, तर आमच्याकडे येऊ नका आणि उद्याची वाटही पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. उशीर झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असे नाही. ही लक्षणे रोगी संकोचाने लपवितो, घरातल्या बायका तर विशेषच. तेव्हा घरच्यांनीच लाज बाजूला ठेवून त्यांना विचारावे.