हातातील विद्या आणि घरचे चलच्चित्र

(तांबट व कासार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. संमेलनात विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात, शिष्यवृत्तिनिधीस देणग्या जाहीर होतात. ही सर्व कार्ये आवश्यकच आहेत. परंतु ज्या विद्येमुळे आपणांस तांबट हे नाव मिळाले, त्या विद्येची विचारपूस मात्र या व्यासपीठावर क्वचितच होते. म्हणून आज मी तिच्याविषयी, आणि ती टिकविण्याच्या एका अगदी सोप्या, घरगुती साधनाविषयी बोलणार आहे. ते साधन म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाईलने घरच्या घरी घेतलेले चलच्चित्र, अर्थात व्हिडिओ.

कोकणातून पुण्यास आलेल्या तांबटांना पेशवाईत कसब्यात वस्ती मिळाली, असे परंपरा सांगते. आजही कसबा पेठेतील तांबट आळी त्या नावानेच ओळखली जाते. हंडा, कळशी, घंगाळ, तपेले, परात आणि न्हाणीघरातील बंब ही भांडी म्हणजे मराठी संसाराची मांडणी होती, आणि ती मांडणी आपल्या पूर्वजांच्या हातोड्याखालून गेलेली होती. ही विद्या पिढ्यान्पिढ्या पुढे गेली ती कोणत्या ग्रंथाच्या आधारे? कोणत्याच नव्हे. मुलगा बापाजवळ बसे, प्रथम भाता ओढी, मग सांडशी धरी, मग कातर चालवी, आणि काही वर्षांनी त्याच्या हाती हातोडा येई. शब्द थोडे आणि पाहणे फार, अशी ती शाळा होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून गावच्या कारूनारूंचे व्यवहार कागदावर आणले, हे त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु कोणत्या कोनातून घाव घातला असता पत्रा फाटत नाही, हे कितीही थोर लेखकास कागदावर उतरविता येणे कठीण आहे. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

ती पाहण्याची शाळा आता बहुतेक घरांत मिटली आहे. याबद्दल तरुणांना दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण तो दोष मला मान्य नाही. ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, न्हाणीघरात बंबाच्या जागी गॅसचे आणि विजेचे यंत्र आले. गिऱ्हाईक गेले तेव्हा बापानेच मुलास सांगितले, ‘तू शीक, नोकरी कर, या धुरात बसू नकोस.’ त्या बापाने योग्य तेच केले. आज आपली मुले-मुली यंत्रशास्त्र, वैद्यक, हिशेबशास्त्र शिकली आहेत याचा आपणांस अभिमान आहे, आणि त्यांनी सर्व सोडून भट्टीवर परत यावे, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, धंदा सोडणे आणि विद्या विसरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली परिस्थितीने घडली. दुसरी मात्र आपल्या आळसाने घडत आहे.

चलच्चित्र हे करमणुकीचे साधन, त्याचा कारागिरीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांना मी दादासाहेब फाळके यांचे स्मरण देतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे, मूकपट, १९१३ साली लोकांसमोर आला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून एक लहानसे चित्र केले होते. पुढे चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारे चित्रही त्यांनी काढले. म्हणजे एखादी वस्तू कशी घडते हे लोकांना दाखवावे, ही हौस मराठी चित्रपटसृष्टीच्या जन्मापासूनची आहे. त्या काळी यंत्र विलायतेहून आणावे लागे आणि त्यापायी कुटुंबाचे दागिने गहाण पडत. आज तेच काम आपला शाळकरी नातू बोटाच्या एका स्पर्शाने करितो.

यूट्यूब या सुप्रसिद्ध संकेतस्थळावर पहिले चित्र २३ एप्रिल २००५ रोजी चढविले गेले. ते अवघ्या १९ सेकंदांचे असून त्यात प्राणिसंग्रहालयातील हत्तींसमोर उभा असलेला एक तरुण दोन-चार वाक्ये बोलतो, इतकेच. तेथपासून आज जगातील सुतार, कुंभार, विणकर, गवंडी आपापली कामे जगास दाखवीत आहेत. ऑस्ट्रेलियातील जॉन प्लँट नावाचे गृहस्थ २०१५ पासून रानात केवळ माती, दगड आणि लाकूड यांनी झोपडी, भट्टी, भांडी घडवितात, तोंडाने एक शब्दही बोलत नाहीत, आणि तरी कोट्यवधी लोक त्यांचे काम तल्लीन होऊन पाहतात. आणि फार दूर कशास जावे? आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या आजींनी २०२० साली नातवाच्या साह्याने ‘आपली आजी’ या नावाने घरच्या स्वयंपाकाची चित्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि मराठी घरोघरी त्या परिचित झाल्या. गावाच्या नावातच कासार आहे, ही गोष्ट आपणांस विशेष गोड वाटेल! त्यांच्यापाशी होते काय? हातची चव, घरची भाषा आणि हौशी नातू. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या घरांत नाही?

या विचारास दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही आक्षेप घेणारी मंडळी आदरणीय असल्यामुळे त्यांचा परामर्श घेणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा की, धंद्याचे मर्म चव्हाट्यावर मांडले तर परका मनुष्य ते उचलील. मर्म राखून ठेवण्यास एके काळी अर्थ होता, कारण त्यावर घर चालत होते. परंतु ज्या कुलुपाच्या आतील पेटीच कोणी उघडीत नाही, त्या कुलुपाची राखण करून काय साधणार? राखून ठेवलेली किती मर्मे आपल्या वडीलधाऱ्यांबरोबर गेली, याचा प्रत्येकाने आपल्या घरापुरता हिशेब करावा. शिवाय, विद्या जन्मावर अवलंबून राहावी हा विचार आता आपणांस शोभणारा नाही. १९४९ साली आपण जी राज्यघटना स्वीकारली, तिने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. आपल्या मुलांनी इतरांच्या विद्या आनंदाने घेतल्या. मग इतर कोणाच्या मुलीने आपली विद्या घेतली तर आपण तिचे कौतुक करावे, हेच न्यायाचे होईल. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी घडविण्याची कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. जगापुढे आल्याने तिचे मोल कमी झाले नाही, उलट तिचे नाव देशोदेशी गेले.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. चित्र पाहून कोणी तांबट होतो काय? मी स्पष्टच सांगतो की होत नाही. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कठीण होत जातो, तेव्हा तो भट्टीत लालसर होईतो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. लोखंडाची गोष्ट निराळी, तापवून एकदम पाण्यात घातलेले पोलाद कडक होते. तांबे मात्र पाण्यात विझविले तरी मऊच राहते आणि वरची काजळी सुटून पडते. एवढे ज्ञान चित्रातून मिळेल. परंतु तो लालसर रंग नेमका कोणता, हे मोबाईलचा पडदा खात्रीने सांगू शकत नाही, कारण यंत्र उजेडाप्रमाणे रंग बदलते. हातोड्याचे वजन, मनगटाचा झोक, पत्रा कठीण होऊ लागला की हाताला जाणवणारा ठणका, या गोष्टी गुरूजवळ बसूनच कळतात. म्हणून चित्र हे गुरूची जागा घेणार नाही. परंतु गुरू कोठे आहे याची वाट ते दाखवील, शिष्यास गोडी लावील, आणि गुरू हयात नसेल तेव्हा निदान स्मृतिरूपाने उरेल. अंधारात दिवा सूर्याचे काम करीत नाही, म्हणून दिवाच लावू नये काय?

आता थोडे व्यवहाराचे बोलतो. चित्र घेणाऱ्याने मोबाईल हातात न धरता एखाद्या घडवंचीस किंवा तिपाईस घट्ट बांधावा आणि आडवा ठेवावा. कारागिराच्या समोर न बसता त्याच्या खांद्यामागून चित्र घ्यावे. समोरून घेतले तर पाहणाऱ्यास उजवे-डावे उलट दिसते, खांद्यामागून घेतले तर त्याला आपलेच हात काम करीत आहेत असे वाटते. उजेड खिडकीचा असावा आणि तो बाजूने यावा, म्हणजे मठारकामातील प्रत्येक घावाची खळगी उठून दिसते. चेहरा आरंभी एकदा दाखवावा, त्यानंतर दृष्टी हातांवर असावी. आणि कृपा करून त्यावर सिनेमाचे संगीत चढवू नये! मठारताना भांडे खरवईवर, म्हणजे आतल्या लोखंडी आधारावर, नीट टेकले आहे की नाही हे जाणता कान आवाजावरून ओळखतो. तो आवाज हाच तेथील पाठ आहे.

जे डोळ्यांस दिसत नाही ते तोंडाने सांगावे. पत्र्याची जाडी किती, भांड्याचा व्यास किती, कितव्यांदा तापविले, डाख कशाचा दिला, हे कारागिरानेच आपल्या घरच्या बोलीत सांगावे. हत्यारांची नावे आवर्जून घ्यावीत, कारण हत्यार संग्रहालयात जाते, पण त्याचे नाव कोणी जपले नाही तर ते कायमचे जाते. शेवटी कारागिराचे नाव, गाव आणि तारीख सांगावी. आपल्या पूर्वजांनी घडविलेली भांडी वाड्यावाड्यांतून मिळतात, परंतु त्यांवर नाव असते ते विकत घेणाऱ्याचे, घडविणाऱ्याचे क्वचितच. ही उणीव आपणांस आता भरून काढता येईल.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. कल्हईचे चित्र मुलांना फार आवडते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो, आणि कथिलाचा हात फिरताच काळे भांडे चांदीसारखे उजळते, तो चमत्कारच वाटतो. परंतु तो धूर छातीत जाऊ नये म्हणून काम मोकळ्या हवेत करावे, कथील शुद्ध असावे, त्यात विषारी शिशाची भेसळ नसावी, आणि कथील सुमारे २३२ अंशांवरच वितळत असल्याने कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, हेही त्याच चित्रात सांगितले पाहिजे. अर्धवट ज्ञानाने एखाद्या मुलाचा हात भाजला तर ते पातक आपल्या माथी येईल. त्याचप्रमाणे तांब्याच्या भांड्यातील पाण्याने अमुक रोग बरा होतो, अशी अतिशयोक्ती करून माल खपवू नये. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नये, हे आपल्या आज्या सांगत, तेवढे सत्य सांगितले तरी पुष्कळ आहे. आणि ज्या वृद्ध कारागिराचे चित्र घ्यावयाचे, त्याची संमती घ्यावी. त्याचा दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी त्याच्या हाती द्यावी. त्याच्या कलेचे कौतुक करून त्यास रिकाम्या हाताने घरी धाडणे हे आपल्या ज्ञातीस भूषणावह नाही.

आणखी एक सूचना. चित्र केवळ परक्या कंपनीच्या भांडारात ठेवून निर्धास्त राहू नये. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा अनेक खेड्यांतील कलावंतांचा प्रेक्षकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ही आज आपणांस संपूर्ण पाहावयास मिळत नाही. म्हणून प्रत्येक चित्राची एक प्रत घरी आणि एक प्रत संस्थेच्या कार्यालयात असावी.

भगिनींना माझी विशेष विनंती आहे. कारखान्याची हकीकत पुरुष सांगतात, परंतु चिंच-मिठाने भांडी उजळणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, उधारी लक्षात ठेवणे, सणावारी कोणत्या भांड्यास मागणी येते याचा अंदाज बांधणे, हे घरातील स्त्रियांनीच सांभाळले. ते कोणत्याही स्मरणिकेत आलेले नाही. आजीला बोलते करा. तिच्या हातांचे आणि तिच्या आठवणींचे चित्र घ्या. त्याबरोबरच आळीचेही घ्या. अजून जेथे सकाळी ठोक्यांचा नाद उठतो, जेथे दारात पत्र्याच्या चकत्या रचलेल्या दिसतात, ते दृश्य आणखी किती वर्षे दिसेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

माझी सूचना अगदी लहान आहे. पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एका जाणत्या कारागिराची गाठ घालून एका भांड्याची घडण आरंभापासून शेवटपर्यंत टिपावी. ज्यांची मुले शिष्यवृत्ती घेतात त्यांनी हे काम सेवा म्हणून करावे. संस्थेने फार तर पत्र्याचा आणि मजुरीचा खर्च सोसावा. शाखा थोड्या असोत की बहुत, पुढील वर्षी या सभागृहात भाषणे थोडी कमी करून ती चित्रे पाहू. मग आपल्या नातवंडांनी ‘तांबट म्हणजे काय?’ असे विचारले तर आपणांस उत्तर शोधीत बसावे लागणार नाही. त्यांना चालता हात दाखविता येईल.

ज्यांचे हात अजून चालत आहेत असे वडीलधारे आज या सभेत बसले आहेत. त्यांना नमस्कार करून, आणि तरुणांनी या कामास उशीर लावू नये अशी कळकळीची विनंती करून, मी आपली रजा घेतो.