माहितीचा पाट : मोठे डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताना



कागदी दप्तरांची जागा आता डेटाबेसने घेतली आहे. परंतु दप्तर हलविण्याचा प्रश्न संपलेला नाही. सर्व्हर जुना झाला की त्यावरील माहिती नव्या सर्व्हरवर न्यावी लागते. ही माहिती म्हणजे कुणाचे निवृत्तिवेतन, कुणाची जमीन, कुणाच्या मुलाची शाळेतील नोंद. त्यातील एक ओळ गळाली, तरी एखाद्या कुटुंबाला कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. म्हणून या कामाची एक जुनी व काटकसरीची रीत आज आपल्यापुढे मांडतो.

नेहमीच्या पद्धतीत डेटाबेसची संपूर्ण प्रत प्रथम फाइलमध्ये उतरवितात. मग ती फाइल संक्षिप्त करणे, पाठविणे, उलगडणे आणि नव्या डेटाबेसमध्ये भरणे अशी कामे एकामागून एक होतात. समजा, प्रत ५०० गिगाबाइटची आहे. तेवढी मोकळी जागा जुन्या सर्व्हरवर बहुधा नसते. किंबहुना जागा संपली म्हणूनच स्थलांतर निघालेले असते.

आता विहिरीवरील मोट आठवा. मोटेचे पाणी थारोळ्यात पडते आणि तेथून पाटाने मळ्यात जाते. मळा भिजविण्यासाठी मध्ये तळे बांधावे लागत नाही. संगणकातील ‘पाइप’ हा असाच पाट आहे. एका प्रोग्रामने दिलेली माहिती दुसऱ्याकडे सरळ वाहत जावी, हा विचार बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकलरॉय यांनी १९६४ मध्ये टिपून ठेवला होता. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तो युनिक्स प्रणालीत प्रत्यक्षात आणला. पुढे या पाइपला फाइलप्रमाणे नाव देण्याची सोय झाली. तोच ‘नेम्ड पाइप’.

‘एमकेफिफो’ या आज्ञेने तो तयार होतो. यादीत तो फाइलसारखा दिसतो, पण डिस्कवर माहिती साठवीत नाही. लिनक्सवर त्याचे थारोळे सामान्यतः ६५,५३६ बाइटांचे असते. ते भरले की लिहिणारा थांबतो, रिकामे झाले की वाचणारा थांबतो. जो प्रोग्राम फाइलचे नाव मागतो, त्याला या पाइपचे नाव द्यावे. एक प्रोग्राम पाइपमध्ये प्रत ओततो, दुसरा ती त्याच वेळी संक्षिप्त करतो. मात्र पाइप एकाच यंत्रापुरता असतो. दोन सर्व्हरमधील अंतर ‘एसएसएच’सारख्या सांकेतिक व सुरक्षित मार्गाने ओलांडावे लागते. पलीकडे दुसरा पाइप ती माहिती नव्या डेटाबेसच्या हवाली करतो. सर्व कामे एकाच वेळी चालतात, त्यामुळे वेळही वाचतो.

परंतु पाट पाणी साठवीत नाही, हे विसरता कामा नये. एका कचेरीत मी हे काम करीत असताना प्रत काढणारा प्रोग्राम मध्येच बंद पडला. वाचणाऱ्याला वाटले, माहिती संपली. त्याने काम यशस्वी झाल्याचे कळविले आणि आम्हीही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी नोंदी मोजल्या, तेव्हा शेवटचे तक्ते रिकामे आढळले. जुना सर्व्हर अद्याप पुसला नव्हता, म्हणूनच निभावले.

त्या अनुभवातून काही नियम आम्ही पाळू लागलो. पाइपवर केवळ संबंधित कर्मचाऱ्यालाच अधिकार असावेत. वाचणारे टोक आधी सुरू करावे, कारण समोर वाचणारा नसेल तर लिहिणारा मुकाट्याने वाट पाहत राहतो. शेवटच्याच नव्हे, तर प्रत्येक प्रोग्रामचा निकाल तपासावा. ‘मायएसक्यूएल’ची प्रत असेल, तर तिच्या अखेरीस येणारी ‘डम्प कम्प्लीटेड’ ही ओळ पलीकडे पोहोचली की नाही ते पाहावे. प्रत निघत असताना नव्या नोंदी थांबवाव्यात आणि अखेरीस दोन्हीकडच्या तक्त्यांतील नोंदी मोजून जुळवाव्यात. प्रवाह मध्येच तुटला, तर अर्धवट भरलेले काढून टाकून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा.

यातील बरीचशी कामे तंत्रज्ञ करतील. तथापि, मोजणीचा ताळा पाहिल्यावाचून जुना सर्व्हर पुसण्याच्या आदेशावर स्वाक्षरी न करणे, हे अधिकाऱ्याचे काम आहे. तंत्राने जागा वाचेल, वेळ वाचेल. लोकांची नोंद मात्र आपल्या दक्षतेनेच वाचेल.