जिंतूरच्या डोंगरांतील ठेवा



परभणी जिल्ह्याचे नाव निघताच काळीभोर जमीन, कापूस, ज्वारी आणि १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ डोळ्यांसमोर येते. प्रवाशाला आवर्जून दाखवावे असे स्थळ म्हणजे औंढ्याचा नागनाथ. परंतु १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते ज्योतिर्लिंग त्या जिल्ह्यात गेले. तेव्हापासून परभणीत पाहण्यासारखे फारसे उरले नाही, असा समज रूढ झाला. जिंतूर तालुक्याचा फेरफटका केल्यास तो समज टिकत नाही.

परभणीच्या उत्तरेस सुमारे ४२ किलोमीटरवर जिंतूर आहे. अजिंठा डोंगररांगेचे फाटे येथवर पोहोचतात. साग, धावडा, पळस असे पानगळीचे वन त्यांच्या उतारांवर आढळते. जिल्ह्यातील वनक्षेत्र मुळातच अत्यल्प असल्यामुळे या विरळ झाडोऱ्याचेही मोल मोठे आहे.

गावापासून जवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी हे दोन डोंगर उभे आहेत. नेमगिरीच्या पोटात जैन गुंफा असून त्यांत नेमिनाथ, पार्श्वनाथ आदी तीर्थंकरांच्या भव्य पाषाणमूर्ती विराजमान आहेत. दारे इतकी ठेंगणी की वाकल्यावाचून आत जाता येत नाही. आत मात्र मूर्तीची उंची पाहून मन थक्क होते. पार्श्वनाथांची विशाल मूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे. म्हणूनच भाविक तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात.

जिंतूरहून येलदरीला गेल्यास पूर्णा नदीवरील विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजगृह आहे. हिवाळ्यात काठावर पाणपक्ष्यांची वर्दळ असते.

चारठाणा हे गाव मात्र या सर्वांहून निराळे. येथे चालुक्य व यादव काळातील मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ आहे. गावात एके काळी तीनशे साठ मंदिरे होती, अशी लोकश्रुती आहे. संख्या कशीही असो, एवढे शिल्पवैभव एकाच खेड्यात क्वचितच आढळते.

जुन्या गावांतील असे वैभव युद्धापेक्षा दुर्लक्षाने अधिक नष्ट होते. कोरीव दगड घराच्या जोत्यात जातो, बारवेत कचरा साचतो, मूर्तीवर तैलरंगाचे थर चढतात. कायद्याचे पाठबळ पुरेसे आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये बंधनकारक आहे. १९७२ च्या अधिनियमाने पुरावस्तूंच्या परवान्याविना होणाऱ्या व्यापारास आणि खासगी निर्यातीस मनाई केली आहे. परंतु कायदा अमलात येतो तो गावाच्या जागरूकतेने.

ग्रामपंचायतींनी गावातील प्रत्येक शिल्पाची छायाचित्रासह नोंदवही ठेवावी, बारवांतील गाळ पुरातत्त्व विभागाच्या सल्ल्यानेच काढावा. शिक्षकांनी सहलीसाठी दूरची ठिकाणे शोधण्यापूर्वी मुलांना नेमगिरी व चारठाणा दाखवावे. अधिकाऱ्यांनी रस्ता, दिशादर्शक फलक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांची सोय आधी करावी. वनात मात्र बांधकामाचा मोह टाळावा. प्रवासी आला तर गावातील चार हातांना काम मिळेल. पण तो येईपर्यंत दगड जागेवर आणि झाड मुळावर राहिले पाहिजे.